नाशिकच्या आसपास भटकण्यासाठी पुस्तक कसं निवडावं? (नावं नकोत, पारख सांगा)

चिऊची आई (इंदिरानगर, नाशिक)

मंडळी, आधीच सांगते, आम्ही ट्रेकर नाही. मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि थंडीत हौसेने येणारे सासरे (वय ६८, एक गुडघा बरा). महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी सकाळी मिसळ खाऊन निघायचं आणि संध्याकाळच्या चहाला घरी. आजवरची कमाई: पांडवलेणी असंख्य वेळा, रामशेज तीनदा, ब्रह्मगिरी दोनदा, कळसूबाई एकदा. कळसूबाईला सासरे बारी गावात गाडीतच पेपर वाचत बसले होते.

गेल्या डिसेंबरात त्र्यंबकजवळच्या हरिहर किल्ल्यावर गेलो. घरात एक पुस्तक होतं, कुणीतरी भेट दिलेलं. जाडजूड, गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर ढगात बुडालेला किल्ला. हरिहरच्या पानावर लिहिलेलं: श्रेणी सोपी, वेळ एक तास, गावातून निघाल्यावर विहिरीपासून उजवीकडची वाट. आम्ही निरगुडपाड्याला गाडी लावली आणि विहीर शोधायला लागलो. वीस मिनिटं. शेवटी हंडा घेऊन चाललेल्या एका बाईंना विचारलं. त्यांनी आधी पुस्तकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "ती विहीर पलीकडं असंल, हर्षेवाडीला. हितून तर सरळच जायचं."

म्हणजे लेखक गेला हर्षेवाडीकडून, आणि ते लिहायचं राहून गेलं. तो एक तासही तिकडचाच. आम्हाला कातळात कोरलेल्या जिन्याच्या पायथ्याशी पोचायलाच पावणेदोन तास लागले.

पुढचं जास्त वाईट. त्या उभ्या पायऱ्या लेक खारीसारखी चढून गेली. उतरायच्या वेळी मात्र वरून खाली बघितलं आणि बसली ती बसलीच. मागे पंचवीस-तीस माणसं तुंबलेली. कुणी "घाबरू नको बेटा" म्हणतंय, कुणी व्हिडिओ काढतंय. तिथे लिंबू सरबत विकणारा एक मुलगा होता, असेल सतरा-अठराचा. तो बाटल्या तशाच टाकून वर आला आणि तिला म्हणाला, "तोंड कातळाकडं कर. पोट लावून उतर, खाली बघायचंच नाय." तिची बोटं पायरीच्या कडेच्या खोबणीत घालून दिली, एकेक पाऊल हाताने धरून खालच्या पायरीवर ठेवलं. असा सगळा जिना. मी त्यांच्या वरच्या पायरीवर, आणि माझेच पाय लटपटत होते.

घरी येऊन पुस्तक पुन्हा वाचलं. १८१८ साली इंग्रज या पायऱ्या बघून कसे थक्क झाले, ते सविस्तर आहे. उतरताना तोंड कातळाकडे करायचं, हे एक वाक्य कुठेही नाही.

आता नवीन पुस्तक घ्यायचं आहे, चारशे-पाचशेपर्यंत. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं तर नऊ जणांनी नऊ पुस्तकं सांगितली. त्यातले चार त्या त्या लेखकाचे मित्र निघाले आणि एक स्वतः लेखक. म्हणून इथे विनंती, नावं देऊ नका. दुकानात उभं राहून दहा मिनिटांत चांगलं पुस्तक ओळखायचं कसं, तेवढं सांगा.

ऑफलाइन नकाशा (कॉलेज रोड)

ताई, पुस्तक कशाला? जीपीएक्स ट्रॅक (आधी कुणीतरी चालून गेलेल्या वाटेची फोनवर दिसणारी रेघ) उतरवून घ्या, फोन फ्लाइट मोडवर टाका, रेघेवरून चाला. हरिहरचे शेकडो ट्रॅक आहेत, दोन्ही गावांकडून. पाचशे रुपयांची पॉवर बँक घ्या.

पेन्सिल (पंचवटी)

ताई, मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो, तेहतीस वर्षं. डोंगरांची चौदा पुस्तकं घरात आहेत आणि सगळ्यांच्या समासात पेन्सिलीच्या खुणा, म्हणून हे नाव. नकाशेवाल्या मित्राला मागाहून उत्तर देतो.

दुकानात पुस्तक हातात आलं की ज्या किल्ल्यावर जायचं आहे ते पान उघडायचं नाही. जिथे तुम्ही तीनदा जाऊन आला आहात ते उघडायचं. तुमच्या बाबतीत रामशेज. नवीन किल्ल्याचं पान वाचताना लेखक जे सांगेल ते आपल्याला पटतंच, कारण आपल्याला काही माहीत नसतं. रामशेजच्या पानावर तो तुम्हाला फसवू शकत नाही. पेठ रोडवरून आशेवाडीला वळायचं ते त्याने सांगितलं आहे का? गावातून पायऱ्या कुठे सुरू होतात? गुहेतलं राममंदिर आणि तिथलं पाणी? वर पठारावर आलं की सावली जवळजवळ संपते, हे? तुमच्या सासऱ्यांना तिथे कशाचा त्रास झाला ते आठवा आणि त्याबद्दल एक ओळ तरी सापडते का बघा. जो माणूस घरापासून अर्ध्या तासावरचा किल्ला नीट सांगत नाही, त्याच्या भरवशावर साल्हेरला जाऊ नका.

बहुतेक पुस्तकांत काय असतं तेही सांगून ठेवतो. संभाजी महाराजांच्या काळात रामशेजने मोगलांना वर्षानुवर्षं कसं झुंजवलं, लाकडी तोफा कशा केल्या, याची अडीच पानं. वाट चार ओळींत. इतिहास मलाही आवडतो. १८८३ चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर मी पावसाळ्यात झोपाळ्यावर बसून वाचतो. पण ते झोपाळ्यावर. डोंगरात मला "इथे वाट फुटते" हे वाक्य हवं असतं.

याच पानावर दुसरी चाचणी वेळेची. समजा पुस्तक म्हणतं रामशेज अर्धा तास आणि तुम्हा चौघांना लागतात पंचेचाळीस मिनिटं. मग तुमचा गुणक दीड. तो पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि पुढे प्रत्येक किल्ल्याची वेळ दीडने गुणा. लेखक पळणारा असला तरी चालतो, फक्त सगळीकडे सारखा पळणारा हवा. दोन माहितीतल्या किल्ल्यांवर गुणक वेगवेगळा आला, एकावर दीड आणि दुसऱ्यावर तीन, तर तो माणूस एका ठिकाणी गेलेलाच नाही, ऐकून लिहिलंय. पुस्तक परत ठेवा.

उंचीच्या आकड्यांना भुलू नका. कळसूबाई १६४६ मीटर, साल्हेर १५६७, हे भिंतीवर लावायला छान. आपण पंचवटीत चहा पितो तेच समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांवर. रामशेज बत्तीसशे फुटांच्या आसपास म्हटलं की छाती दडपते, पण त्यातला चढायचा भाग केवढासा. पायांना हवा असतो तो पायथ्याच्या गावापासूनचा चढ. बारीपासून कळसूबाईला तो साडेआठशे मीटरच्या घरात जातो. जे पुस्तक हा आकडा वेगळा देतं त्याच्या लेखकाने तुमच्या गुडघ्यांचा विचार केला आहे.

आता श्रेणी. सोपी, मध्यम, कठीण. कुणाला सोपी? ही पुस्तकं लिहिणारे बहुतेक जण सुळके चढलेले असतात. अलंग-मदनच्या कातळावर दोर लावून आलेल्या माणसाला हरिहर म्हणजे जिनाच वाटणार, त्यात त्याची काही लबाडी नाही. म्हणून श्रेणीचा शब्द सोडून द्या आणि पान चाळताना काही खास शब्द शोधा. घसारा (सुट्या मातीची, पाय सरकणारी उतरती वाट). कातळटप्पा. निसरडं. हात टेकावे लागतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचा, दृष्टिभय. कड्याच्या बाजूला नजर गेली की पोटात गोळा येतो, पाय घट्ट असून हलत नाहीत, ते. तुमच्या लेकीला झालं ते हेच. तिला चढता-उतरता येत होतंच, नाहीतर वर गेली नसती. अख्ख्या पुस्तकात दृष्टिभय हा शब्द किंवा त्या अर्थाचं वाक्य एकदाही आलं नसेल तर ते पुस्तक तुमच्यासारख्या कुटुंबासाठी लिहिलेलं नाही. उलट एखाद्या गडावर "दोर आणि माहीतगार असल्याशिवाय जाऊ नये" असं ठणकावलं असेल (वाडीवऱ्हेजवळच्या गडगडा किल्ल्याबद्दल असायलाच हवं) तर त्या लेखकावर बाकीच्या ठिकाणीही विश्वास टाकायला हरकत नाही.

उतरण वेगळी लिहिली आहे का, तेही बघा. चौदापैकी तीन पुस्तकांत आहे. बाकी सगळे वर पोचवतात, सूर्यास्त दाखवतात आणि निघून जातात.

सुरुवातीचं बारीक अक्षरांतलं पान वाचा. "दुसरी आवृत्ती" आणि "दुसरं पुनर्मुद्रण" यांत फरक आहे. पुनर्मुद्रण म्हणजे जुनाच मजकूर पुन्हा छापला, वरचं साल तेवढं ताजं. ओळखायची सोपी खूण वणीच्या पानावर आहे. सप्तशृंगी गडावर २०१८ पासून ट्रॉली चालू आहे. २०२२ च्या पुस्तकात तिचा पत्ताच नसेल, तर बाकी किल्ल्यांच्या वाटाही तेवढ्याच जुन्या समजा. जुन्या पुस्तकांत सगळा हिशेब एसटीचा असायचा, अमुक वाजताची मुक्कामी गाडी वगैरे. ते वाचायला गोड वाटतं. पण तुम्ही गाडीने जाणार. साल्हेर वाघांब्याकडून चढलात आणि साल्हेरवाडीला उतरलात, तर गाडी डोंगरापलीकडे. एसटीवाल्याला हा प्रश्नच नव्हता, म्हणून त्याच्या पुस्तकात उत्तर नाही.

जिल्ह्यावार पुस्तक घ्यावं की रांगेवार? माझं मत रांगेवार. "नाशिक जिल्हा" म्हटलं की कळसूबाईची पंचाईत होते. पलीकडचं बारी अकोले तालुक्यात, म्हणजे आता अहिल्यानगर जिल्हा. अलीकडची उतरण इगतपुरीत. डोंगराला याचा पत्ता नाही. त्र्यंबक रांग, सातमाळा, सेलबारी-डोलबारी, कळसूबाईची रांग अशी मांडणी असली की एका गडावर उभं राहून समोरचा कोणता ते कळतं, आणि पुढच्या रविवारचं ठरतं.

बांधणीबद्दल थोडंसं. गुळगुळीत आर्ट पेपर ओला झाला की पानं एकमेकांना चिकटतात. सोडवायला गेलं तर अक्षरं निघून येतात. साधा मॅपलिथो कागद फुगतो, पण वाळतो. पुस्तक मधोमध उघडून पुठ्ठा मागे दाबा. नुसतं डिंकाने चिकटवलेलं असलं तर करकर आवाज येतो आणि दुसऱ्या ट्रेकला पानं सुटतात. दोऱ्याने शिवलेलं घ्या. दुकानदार ओरडेल, ओरडू द्या.

ऑफलाइन नकाशा (कॉलेज रोड)

काका, सगळं मान्य, पण हे १९९५ मध्ये ठीक होतं. आता सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशेसुद्धा घरबसल्या फुकट उतरवता येतात. त्यावर ट्रॅक टाकला की खेळ खल्लास. त्यात पुस्तक काय जास्तीचं सांगणार?

पेन्सिल (पंचवटी)

चांगला प्रश्न विचारलात. तो नकाशा माझ्या पोटापाण्याचा विषय, म्हणून जरा सविस्तर.

५०,००० ला १ या प्रमाणाचा टोपोशीट, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाचा चढउतार दाखवणारा नकाशा घ्या. दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. त्र्यंबक, इगतपुरी, कळसूबाई हा सगळा भाग जुन्या क्रमांकांप्रमाणे ४७ ई मध्ये येतो, साल्हेर ४६ एच मध्ये. समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) दर वीस मीटरला. आता हरिहर शोधा. ज्या जिन्यावर ती पोर अडकली, तो या नकाशावर किती? एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पन्नास मीटर, आणि जिना तर जवळजवळ उभाच. मिलिमीटरभरसुद्धा भरत नाही. माझ्या सर्वांत बारीक टोकाच्या पेनाने काढलेली रेघ त्याहून जाड असेल.

आणखी एक. रेषा वीस-वीस मीटरला असल्या की बारा मीटरचा कातळटप्पा, म्हणजे चार मजली इमारत, दोन रेषांच्या मध्ये पूर्ण गडप होऊ शकतो. नकाशा चुकीचा नसतो, त्याच्या मापात तो बसतच नाही. ट्रॅकचंही तसंच. माणूस कुठून गेला ते कळतं. तिथे त्याने काय धरलं होतं, पाय कुठे ठेवला, पाठीवरची पिशवी आधी खाली सोडली की नाही, हे रेघेत येत नाही. दोन रेषांच्या मधलं जे असतं तेवढं सांगायचं काम पुस्तकाचं. नकाशा तुम्ही नक्की न्या, मीही नेतो. फक्त पुस्तकातला हाताने काढलेला नकाशा तपासताना दोन गोष्टी बघा: उत्तरेचा बाण आणि अंतराचं माप. दोन्ही नसतील तर ती रांगोळी आहे.

वाघळू (नाशिक रोड)

काकांना +१. "दृष्टिभय" शब्द आजच कळला. इतकी वर्षं मी त्याला "माझं वजन जास्त आहे" म्हणत होतो.

हट्टीचा (धोडपचा पायथा)

मी हट्टीचा. धोडप आमच्या मागच्या दारात. हे पुस्तकवाले लोक आमच्याकडं पंचवीस वर्षं येताहेत, म्हणून दोन शब्द.

पहिलं, पुस्तकात गावातल्या माणसाचा मोबाइल नंबर छापलेला असेल तर हुरळून जाऊ नका. आमच्या गल्लीतल्या एकाचा नंबर एका पुस्तकात जेवणासाठी म्हणून छापला होता. माणूस देवाघरी गेला, त्याला सहा वर्षं झाली. नंबर कंपनीनं दुसऱ्याला दिला. तो दुसरा माणूस कुठं जळगावकडं राहतो, आणि दर शनिवारी त्याला फोन, "पिठलं-भाकरी दहा जणांची सांगायची होती." एकदा वैतागून त्यानं हो म्हणून टाकलं. दहा जण गडावरून उतरून आमच्या ओट्यावर बसले, ताटं कधी येतात याची वाट बघत. मग काय करता, आईनं चूल पेटवली. पुस्तक तपासताना त्यातला एखादा नंबर दुकानातूनच लावून बघा. माणूस त्याच गावचा आहे का ते लगेच कळेल.

दुसरं, वाटा बदलतात. वनखात्यानं डोंगरउतारावर समतल चर (पाणी अडवायला उताराला आडवे खणलेले खड्डे) खोदले, रोपं लावली. जुनी वाट चरांनी तीन ठिकाणी तुटली. आता आम्ही खालून वळसा घेतो. पुस्तकात "सरळ सोंडेवरून चढावे" आहे. सोंड आहे, पण मधी चर आहेत, आणि गवत वाढलं की ते दिसत नाहीत. गेल्या साली एकाचा पाय त्यात मुरगळला. त्याला खाटेवर घालून आणला आणि तो रस्ताभर पुस्तक वाचून दाखवत होता आम्हाला, की बघा इथं लिहिलंय.

तिसरं. ताई, तुम्ही त्या हंडेवाल्या बाईंना विचारलं ते बरोबर केलं, पण वीस मिनिटं उशिरा केलं. पुस्तकात विचारायची वेळ कुठली तेही लिहिलं पाहिजे. सकाळी नऊनंतर गावात म्हातारी माणसं आणि पोरं तेवढी असतात, बाकी सगळे कांद्यात.

पेन्सिल (पंचवटी)

हट्टीकर, चरांचं समासात लिहून घेतलं. ओतूरच्या बाजूने आलं तरी चर लागतात का?

हट्टीचा (धोडपचा पायथा)

तिकडचं तिकडच्या माणसाला विचारून सांगतो. ऐकून लिहीत नाही.

चिऊची आई (इंदिरानगर, नाशिक)

सगळ्यांचे आभार, आणि निकाल ऐका.

विकत घेण्याआधी शनिवारी सावानात गेले (सार्वजनिक वाचनालय, १८४० चं, तरी तिथे माझं कार्ड गेल्या वर्षीचं). चार पुस्तकं काढून टेबलावर मांडली आणि चारही रामशेजवर उघडली. शेजारी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा दर पाच मिनिटांनी माझ्याकडे बघत होता.

पहिल्या पुस्तकात रामशेज म्हणून जो फोटो आहे, तो रामशेज नाही. कोणता किल्ला आहे मला माहीत नाही, पण रामशेजला मी तीनदा गेले आहे आणि असा कडा तिथे मी पाहिलेला नाही. बंद केलं.

दुसऱ्यात लाकडी तोफा. काका, अडीच नाही, साडेतीन पानं.

तिसरं बरं होतं, नकाशाला बाण, माप सगळं. पण गुणक काढला तर रामशेजला दीड आणि ब्रह्मगिरीला जवळजवळ तीन. नवऱ्याला फोन करून विचारलं, आपल्याला तेव्हा किती वेळ लागला होता. तो म्हणाला ब्रह्मगिरीला बाबांनी वाटेत दोनदा ताक घेतलं होतं ते धर. ते धरलं तरी सव्वादोन. ठेवून दिलं.

चौथं अगदी साधं. पातळसं, दोन रंगांतलं, मुखपृष्ठ इतकं कळकट की मी दुकानात हातसुद्धा लावला नसता. रामशेजला दोन पानं. त्यात लिहिलंय की पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नाहीत, त्यामुळे उतरताना गुडघेदुखी असणाऱ्यांनी काठी ठेवावी. माझे सासरे तिसऱ्यांदा उतरताना हेच बोलले होते, अगदी याच शब्दांत नाही, जरा शिव्या घालून. मग हरिहर उघडलं. हर्षेवाडी आणि निरगुडपाडा, दोन्ही वाटा वेगवेगळ्या परिच्छेदांत, वेळा वेगळ्या. जिन्यावर उतरताना तोंड आत करावं, आणि शनिवार-रविवारी मुलांना नेऊ नये, कारण मागच्या गर्दीमुळे थांबता येत नाही. वाचनालयात बसून मला एकदम रडूच आलं. तो परीक्षेवाला मुलगा उठून दुसऱ्या टेबलावर गेला.

दृष्टिभय शब्द नाही त्यात. "पोटात गोळा येतो" आहे. चालेल ना काका?

पुस्तक एम. जी. रोडवर मागवलं, दोनशे ऐंशी रुपये. पुठ्ठा मागे दाबून बघितला, करकरला नाही. दुकानदार ओरडलाच.

वाघळू (नाशिक रोड)

ताई, पुस्तकाचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा प्लीज. नियम माहीत आहे, पण दुसऱ्या बाजूने गुडघा माझाही गेलाय.

ऑफलाइन नकाशा (कॉलेज रोड)

मलाही. (ट्रॅकसोबत वापरेन.)

चिऊची आई (इंदिरानगर, नाशिक)

दोघांनाही केला.

येत्या रविवारी अंजनेरी. लेक म्हणाली किल्ला नको, पण कंदीलपुष्प बघायचं असेल तर येते. तिच्या शाळेच्या बाईंनी सांगितलंय की अंजनेरीच्या नावाचं एक कंदीलपुष्प आहे. फुलांचे दिवस आता संपत आलेत, तरी बघू. पुस्तकाच्या मते पहिल्या पठारावर अंजनीमातेचं मंदिर, पुढे तळं, आणि सोबत वयस्कर मंडळी असतील तर त्यांना तळ्यापाशी बसवून बाकीच्यांनी वरचा टप्पा करावा. सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "वयस्कर कोण?"

पेन्सिल (पंचवटी)

गोळा चालेल.

ताई, गुणक पहिल्या पानावर लिहिलात का? पेनने लिहू नका, लेक मोठी होईल तसा कमी होईल आणि सासऱ्यांचा वेगळा ठेवावा लागेल. काठी न्या. आणि अंजनेरीला मंदिराच्या आसपास पुस्तक हातात धरून उभं राहू नका, पिशवीत ठेवा. तिथली माकडं खाऊ समजून ओढतात. मी वर चौदा पुस्तकं म्हटलं, त्यांतलं एक पान ११२ पर्यंतच आहे.